‘गिरणी बंद आहे’: हेडीस-पर्सेफनीचं मुंबईकर कॉमिक

मुखपृष्ठावर नाव नाही, करणाऱ्यांची नावंही नाहीत. उभं चिरलेलं डाळिंब आणि त्याखाली खडूने लिहिल्यासारखी पाटी: ‘गिरणी बंद आहे’. स्टॉलवर लोक त्यालाच नाव समजतात, ते बरंच आहे. ए-फाइव्ह आकार, ४८ पानं अधिक कव्हर, मधोमध दोन पिना, किंमत २५० रुपये. ग्रीक पुराणातला पाताळाचा राजा हेडीस आणि त्याने पळवून नेलेली पर्सेफनी, ही जोडी चाहत्यांनी उचलून आजच्या दादरमध्ये आणली आहे. विकलं जातं प्रेमकथा म्हणून. घ्यावं ते पर्सेफनीच्या आईसाठी.

मूळ कथेत ही आई, डेमेटर, म्हणजे धान्याची देवी; मुलगी पाताळात गेली की ती रुसते आणि जमीन ओसाड पडते. आधुनिक रूप देताना तिला बहुतेक जण शेतकरी करतात, नाहीतर बाग सांभाळणारी बाई. इथे तिची दादर पश्चिमेला पिठाची गिरणी आहे. डब्यांवर खडूने लिहिलेली नावं, काट्यावर पिठाची साय, पापण्यांपर्यंत पांढरी झालेली डेमेटर. मुलगी पहाटे फूलबाजारात बसते. हेडीस भुयारी मेट्रोत रात्रपाळीला रूळ तपासतो. आरे ते कफ परेड या मार्गावरच्या २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली आहेत. कॉमिकमध्ये अठ्ठाविसावं आहे, दादरच्याही खाली, कुठल्याच नकाशावर न छापलेलं. ‘हेडीस’ या नावाचा अर्थ प्राचीन ग्रीकसुद्धा ‘न दिसणारा’ असा लावत, हे माहीत असेल तर ही जागा जास्तच आवडते.

बारकाईने काम झालंय ते होमरच्या नावावर असलेल्या डेमेटरच्या स्तोत्रावर. त्या स्तोत्रात मुलगी निसाच्या कुरणात नार्सिससचं फूल तोडायला वाकते. एका मुळातून शंभर फुलं, वास आभाळापर्यंत. इथे तिच्या हातात निशिगंधाची दांडी आहे, एका दांडीला ओळीने कळ्या, आणि हा बदल चपखल बसतो. स्तोत्रात हेकाटी या देवीला गुहेतून नुसती किंकाळी ऐकू येते, पाहिलेलं असतं फक्त सूर्याने, हेलिओसने. कॉमिकमधली हेकाटी दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण. तिने लिफ्टचं दार आपटलेलं ऐकलं, बघितलं काहीच नाही. बघणारा हेलिओस नाक्यावर पेपर वाचत बसतो आणि कोणी विचारेपर्यंत तोंड उघडत नाही. अशी माणसं प्रत्येक नाक्यावर असतात.

मग डेमेटर नऊ दिवस शोधत फिरते. न खाता, न अंघोळ करता, दोन्ही हातांत मशाली. हे नऊ दिवस स्तोत्रातले आहेत, कॉमिकवाल्यांनी घुसडलेले नाहीत. मराठी वाचकाला नवरात्र आठवायला कोणी ढोसावं लागत नाही, आणि चित्रकाराने ढोसलेलंही नाही: घट नाही, माळ नाही, फक्त नऊ चौकटी आणि प्रत्येकीत मोबाइलचा टॉर्च धरलेला हात. नवव्या चौकटीत प्रकाश पिवळट होतो, कारण चार्जिंग संपत आलंय. पान २६. संपूर्ण अंकातलं सर्वात चांगलं पान.

उपास सुटतो तोही मुळाबरहुकूम. एल्युसिस गावात डेमेटर द्राक्षारस नाकारते आणि सातूचं पीठ, पाणी आणि पुदिन्याच्या जातीची कोवळी वनस्पती कालवून मागते. त्या पेयाला ग्रीक लोक किकिऑन म्हणत. इथे शेजारीण सातूचं पीठ पाण्यात कालवून वर पुदिना चुरगळते. सातू म्हणजे बार्लीच, त्यामुळे पदार्थ जवळपास तोच राहतो. पुदिन्यात आणखी एक खोच आहे. मिंथी नावाची अप्सरा हेडीसची आधीची प्रेयसी होती, तिचा पुदिना झाला अशी कथा आहे. ती ठाऊक असलेला वाचक पेल्यातल्या पानाकडे दोनदा बघेल.

एक संधी मात्र हातची गेली. स्तोत्रात रडवेल्या डेमेटरला हसवते ती इयाम्बी, त्या घरची दासी, चावट थट्टा करून. गिरणीवाल्या बाईच्या गोष्टीत हे काम जात्यावरच्या ओवीने करायला हवं होतं. दळण आणि बायकांची थट्टा यांची जोडी आपल्याकडे तयारच आहे. कॉमिकमध्ये शेजारीण फोनवर कसलासा व्हिडिओ दाखवते आणि डेमेटर हसते. व्हिडिओत काय आहे तेही दिसत नाही. इतकं पिकलेलं फळ झाडावरच ठेवून पुढे कसे गेले, कळत नाही.

आता प्रेमकथा. ती वाईट नाही, बेताची आहे. तिच्यातली खरी करामत संबोधनांची. पहिल्या भेटीत हेडीस म्हणतो, ‘‘ओ ताई, इथे उतरायला परवानगी नाही.’’ मग चार पानं ‘मॅडम’, मग ‘तुम्ही’, आणि पान १७ वर एकदाच, रूळ ओलांडताना घाबरून, ‘‘सांभाळ!’’ एकवचन झालंय हे त्याच्या आधी तिला कळतं. ती सुरुवातीला अनोळखी म्हणून ‘अहो’ म्हणते, नंतर ‘अरे’. लग्नानंतर सगळी चाळ पुन्हा ‘अहो’ची वाट बघते, ती ‘अरे’वरच राहते. आई तिला घरी ‘कोरी’ म्हणते. ग्रीकमध्ये पर्सेफनीचं दुसरं नाव कोरीच, अर्थ मुलगी, कुमारिका. मराठीत आपोआप कोऱ्या वहीची, कोऱ्या कापडाची छटा येते. खाली गेल्यावर हेडीस पहिल्यांदा तिला ‘पर्सेफनी’ म्हणतो, तिथे शाई लागल्यासारखं वाटतं.

नात्याचा गुंता लपवलेला नाही, ही धाडसाची गोष्ट. हेडीस हा झ्यूसचाही, म्हणजे पर्सेफनीच्या बापाचाही भाऊ आणि डेमेटरचाही. म्हणजे पोरीचा एकाच वेळी सख्खा काका आणि सख्खा मामा. इतर रूपांतरं इथे खोकून विषय बदलतात. इथे हेकाटी विचारते, ‘‘काका म्हणून अहो, की मामा म्हणून अरे?’’ एवढ्या एका वाक्यावर विषय मिटतो.

फसलंय ते अपहरण. स्तोत्रात झ्यूस परस्पर शब्द देऊन मोकळा होतो, मुलीला आणि आईला न विचारता, आणि हेडीस तिला रथातून ओढून नेतो. आजच्या प्रेमकथेत असा नायक चालणार नाही म्हणून कॉमिकमध्ये ती स्वतःच शेवटच्या गाडीने खाली जाते. इथपर्यंत ठीक. पण अपहरण काढलं की आईच्या रागाला कारण उरत नाही. ते भरायला पान २० ते २४ वर डेमेटर मुलीचा फोन तपासते, बाहेरून कडी घालते, आणि सहा पानांपूर्वीची डेमेटर ती ही नव्हे असं होतं. उपाय मूळ कथेतच होता: झ्यूस. बापाने घरी न सांगता मुलीचं लग्न ठरवणं मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. इथला झ्यूस मात्र सोन्याची साखळी घालून दोन चौकटींत येतो आणि जातो. देवांचा निरोप्या हर्मीस इथे डिलिव्हरी करणारा आहे. तो सगळ्याच रूपांतरांत डिलिव्हरी करणारा असतो. मेलेल्यांना नदीपार नेणारा नावाडी कॅरॉन तिकीट खिडकीवर बसून मेलेल्यांकडून सुटे मागतो. मृताच्या तोंडात ठेवायच्या ओबोल नाण्याची इतकी मुंबईकर आठवण दुसरी होणार नाही. पाताळाच्या दारावरचा तीन तोंडांचा कुत्रा सर्बेरस म्हणजे इथे फलाटावर एकमेकांत गुरफटून झोपलेली तीन भटकी कुत्री, ग्लुकोज बिस्किटाला विकली जाणारी.

डाळिंबाच्या दाण्यांचा हिशेब घोटाळलाय. पाताळात डाळिंब खाल्लं म्हणून पर्सेफनीला दरवर्षी काही महिने खाली राहावं लागतं. स्तोत्रात दाणा एकच. रोमन कवी ओव्हिडच्या एका काव्यात सात, दुसऱ्यात तीन. सहाचा आकडा अलीकडच्या पुस्तकांतून रुळला, सहा महिन्यांशी जुळतो म्हणून. कॉमिक चार दाणे धरतं, कारण स्तोत्रात ती वर्षाचा तिसरा हिस्सा खाली राहते. पण पान ३१ वरच्या मोठ्या चित्रात तळहातावर सहा दाणे काढलेत, आणि पान ३३ वर ती म्हणते, ‘‘चारच खाल्ले.’’ दोन दाणे कुठे गेले?

चार महिने म्हटल्यावर चातुर्मासाचा मोह होणारच. तो टाळलाय, आणि बरोबर टाळलाय: आपल्याकडे चातुर्मासात धरती हिरवीगार असते, मग मुलगी खाली आणि आई रुसलेली हे जमणार कसं? कॉमिकमध्ये ती फेब्रुवारीत खाली जाते आणि पहिल्या पावसाला वर येते. करपलेला मे महिना म्हणजे डेमेटरचा रुसवा. स्तोत्रात ती वसंतात परतते, तरी ग्रीसमधला ओसाड काळ म्हणजे थंडी नव्हे, पीक निघाल्यानंतरचा कोरडा उन्हाळा, असं मानणारे अभ्यासकही आहेत. त्यामुळे हा बदल वाटतो तेवढा परका नाही.

छपाईकडे वळू, कारण २५० रुपये त्याचे घेतलेत. आतला कागद १३० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) मॅट, कव्हर ३०० जीएसएम, फक्त बाहेरून लॅमिनेशन. मुंबईच्या हवेत इथेच घात होतो. लॅमिनेशनची बाजू ओल घेत नाही, आतली घेते आणि फुगते. जुलैत कव्हर बाहेरच्या अंगाला वळून पुस्तक उघडंच राहतं. दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन किंवा दोन्हीकडून साधं कव्हर, यातलं काहीही चालेल. पिना साध्या लोखंडी दिसतात, त्या पावसाळ्यात गंजून मधल्या पानावर तांबूस डाग पडतील.

४८ पानं म्हणजे दुमडलेले १२ ताव. ते एकात एक घातले की आतले ताव बाहेर सरकतात. या कागदाला मधल्या तावाशी साधारण दीड मिलिमीटर. छपाईनंतर कडा सरळ कापल्या की तेवढा भाग जातो. पान २४ च्या बाहेरच्या फुग्याची सुरुवातीची अक्षरं अर्धी तुटलीत ती त्यामुळे. अशा जाडीत मजकूर कडेपासून आठ मिलिमीटर आत ठेवावा, आणि सरकण्याची भरपाई छापखान्याला आधीच करायला सांगावी.

पान १२ ते १४ धुरकट आहेत. ती फोनवरच्या उभ्या आवृत्तीतून उचललेली दिसतात. फोनसाठी चित्र ८०० पिक्सेल रुंद असलं तरी भागतं. तेच ए-फाइव्हच्या १४८ मिलिमीटरवर ताणलं की इंचाला जेमतेम १३७ पिक्सेल येतात, लागतात ३००. म्हणजे पान किमान १७४८ गुणिले २४८० हवं, आणि कडेचे तीन-तीन मिलिमीटर धरले तर १८१९ गुणिले २५५१. भुयाराचा निळा रंगही पडद्यावर झगझगतो नि कागदावर जांभळट-मळका उतरतो. छपाईच्या निळ्यात सायन (आकाशी शाई) १०० टक्के आणि मॅजेंटाही (गुलाबी शाई) १०० ठेवलं की जांभळंच मिळणार. मॅजेंटा ७०च्या आत आणलं की निळा निळा राहतो. आणि फुग्यांतला मजकूर चारही शाया मिसळून केलेल्या काळ्यात गेलाय. प्लेट केसभर हलली तरी शिरोरेषेला गुलाबी सावली येते, पान ३८ बघा. अक्षरं फक्त काळ्या शाईत हवीत.

अक्षरजुळणीत आठ पॉइंट आकार आणि नऊ पॉइंट ओळ हे माप इंग्रजी कॉमिकचं. देवनागरीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वारावर आपटतो. ‘तू’खाली ‘मीं’सारखं काही आलं की डोळा अडखळतो. आकार साडेनऊ आणि ओळ तेरा-चौदा ठेवली असती तर फुगे मोठे झाले असते, पण वाचता आले असते. पान १९ वर ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालंय. बाकी सगळीकडे ऱ्या नीट आहे, तेव्हा हा फुगा शेवटच्या घाईत वेगळ्या प्रोग्रॅममध्ये बदलला असावा. अ‍ॅडोबीत ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) निवडला नाही तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. मजकूर बाहेर टाइप करून आणला तरी ही निवड फाइलमध्ये करावीच लागते.

उभी आवृत्ती फोनवर फुकट आहे, आणि सरकत्या जिन्याचा उतार तिथेच वाचावा. पुस्तकात त्याचे तीन तुकडे झालेत. फोनवर अंगठा खाली सरकतो, जिना संपत नाही, निशिगंधाच्या कळ्या एकेक करून मागे पडतात, शेवटी नुसता काळा पडदा. उलट नऊ चौकटींचं पान २६ फोनवर एकेक चौकट होऊन फुकट जातं, ते कागदावरच.

मागणी मेसेजवर, पैसे यूपीआयने, टपालखर्च वेगळा. पाकिटात पुठ्ठा घालतात, प्लॅस्टिक नाही, म्हणून पावसाळ्यात टपालाने मागवू नका, स्टॉलवरून हातात घ्या. दुसरी छपाई काढणार म्हणतात. घेताना पान १९ उघडून बघा: ‘दुसऱ्या’ नीट छापलं असेल, तर ती दुसरी.