गिअरबॉक्स न उघडताच सव्वा लाख घेतले: ऑटोक्रॉसच्या हौशी मंडळींनी हे वाचावं

ऑटोक्रॉससाठी गाडी तयार करून देतो म्हणून आमच्याकडून सव्वा लाखाच्या घरात पैसे घेतले गेले आणि प्रत्यक्षात जवळजवळ काहीच काम झालं नाही. हे सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण त्याच गॅरेजमध्ये अजूनही कॉलेजची, नुकती नोकरीला लागलेली पोरं गाड्या नेऊन लावतायत. गॅरेजचं नाव देत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. पण फसवण्याची पद्धत ओळखता आली की नावाची गरज पडणार नाही.

आम्ही कोल्हापूरचे. गाडी 2014 ची पेट्रोल स्विफ्ट, आधी बाबा वापरायचे. 1197 सीसीचं के सिरीज इंजिन, वजन हजार किलोच्या आत, पार्ट गावोगावी मिळतात आणि मोडलं तर खिशाला परवडतं. हौशी ऑटोक्रॉसमध्ये स्विफ्ट इतक्या संख्येने दिसते ती याचसाठी. धाकटा भाऊ आणि मी एकाच गाडीवर दोन एंट्री करतो: त्याची रन झाली की हेल्मेट घालून मी बसते. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मोकळ्या मैदानावर प्लास्टिकचे शंकू, म्हणजे कोन, मांडून छोटा, वळणावळणाचा ट्रॅक आखतात आणि गाड्या घड्याळाशी स्पर्धा करतात. कोन पाडला की वेळेत सेकंद वाढतात. आपल्याकडे बहुतेक मैदानं मातीची, मुरमाची. क्रमवारी सेकंदाच्या अंशांवर ठरते, म्हणून प्रत्येकाला गाडीत काहीतरी सुधारायचं असतं. गॅरेजवाल्याचं फावतं ते इथेच.

आमची अडचण हेअरपिनची, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणाऱ्या तीव्र वळणाची होती. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी हेअरपिनमधून बाहेर काढताना ॲक्सिलरेटर दिला की वजन बाहेरच्या बाजूला जातं आणि आतलं चाक हलकं पडतं. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणारी, गिअरबॉक्समधली गिअरची जोडणी. साध्या, म्हणजे ओपन डिफरन्शियलचा स्वभाव असा की तो दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतो. आतलं चाक भिरभिरायला लागलं की त्याला पेलवेल तेवढाच टॉर्क बाहेरच्या, जमीन घट्ट धरलेल्या चाकालाही मिळतो. इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. यावर उपाय लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, ज्याला सगळे एलएसडी म्हणतात. प्लेट टाइप एलएसडीमध्ये घर्षणाच्या चकत्या दाबून बसवलेल्या असतात, त्यामुळे एक चाक दुसऱ्यापेक्षा फार जोरात फिरू शकत नाही. मातीवर याचा फरक अंगाला जाणवतो.

पुण्याजवळच्या या ट्यूनिंग गॅरेजचा मालक एका स्पर्धेत भेटला. बोलायला गोड, खेळाची खडान्‌खडा माहिती. त्याच्या स्वतःच्या गाडीत खरा एलएसडी होता. ती गाडी आम्ही दोघांनी मैदानावर चालवून पाहिली, हेअरपिनमधून ती अक्षरशः ओढली जात होती. त्याच्याकडे काम केलेल्या लोकांनाही विचारलं, सगळ्यांनी चांगलंच सांगितलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी आपल्या गिअरबॉक्समध्ये काय आहे हे कधी तपासलेलंच नव्हतं, हे आता कळतंय. बिल पक्कं, जीएसटीसकट. त्यावर तीन कामं: प्लेट टाइप एलएसडी पुरवून बसवणे, ईसीयू रिमॅप (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणे), ड्रायव्हरच्या सीटला फोर पॉइंट हार्नेस (चार ठिकाणी बांधलेला रेसिंगचा सीटबेल्ट). काम चालू असताना व्हॉट्सॲपवर फोटो येत होते. उघडलेला गिअरबॉक्स, बाकावर ठेवलेला चकचकीत एलएसडी, हातमोजे घातलेला मेकॅनिक. प्रत्येक फोटो जवळून घेतलेला. गाडीचा नंबर, चेसिस नंबर, ओळखीची एखादी खूण, काहीच त्यात नव्हतं.

गाडी घेऊन आलो आणि पुढच्याच स्पर्धेत पहिली शंका आली, ती हार्नेसवरून. स्क्रुटिनीत, म्हणजे स्पर्धेआधीच्या गाडीच्या तपासणीत, अधिकाऱ्यांनी हार्नेस एकदा ओढून पाहिला, मग मॅट बाजूला करायला सांगितली आणि खाली वाकून टॉर्च मारला. हार्नेसचे आयबोल्ट, म्हणजे पट्टा अडकवायचे कडीचे बोल्ट, गाडीच्या पातळ पत्र्याला भोक पाडून, खालून साधा वॉशर लावून कसले होते. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणे अशा नव्या जागी खालून किमान 3 मिलीमीटर जाड आणि 40 चौरस सेंटिमीटरची स्टीलची पट्टी लागते, नाहीतर धडक बसल्यावर बोल्ट पत्रा फाडून वर येतो. पट्ट्यावरचं एफआयएचं लेबलही नखाने उचकटलं तसं सोलून निघालं, शिवलेलं नव्हतंच. अधिकाऱ्यांनी हार्नेस वापरू दिला नाही. कंपनीच्या मूळ तीन पॉइंट बेल्टवर आम्ही उतरलो. त्या माणसाचे आभार मानावे तेवढे थोडे. पैशाची फसवणूक एक वेळ समजू शकते. माझ्या भावाच्या खांद्यावरून खोटा पट्टा टाकून त्याला "आता एकदम सेफ" म्हणून सांगणाऱ्या माणसाला मी माफ करू शकत नाही.

दुसरी खूण मातीतच उमटली. हेअरपिनवर आमच्या ओळखीचा एक मार्शल, म्हणजे ट्रॅकवर लक्ष ठेवणारा माणूस, उभा होता. आमची रन झाल्यावर त्याने बोलावून ट्रॅक दाखवला. वळणातून बाहेर पडताना आतल्या चाकाने मुरूम खणून बोटभर खोल चर पाडला होता आणि बाहेरच्या चाकाचा नुसता नक्षीचा ठसा होता. आमच्या आधी गेलेल्या, एलएसडी असलेल्या गाडीने दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी माती उकरली होती. त्याने लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवले. पुढे तक्रारीत ते फार उपयोगी पडले.

फोन केला तर उत्तर तयार होतं. "ताई, एलएसडीची सवय व्हायला वेळ लागतो. तुम्ही अजून जुन्या पद्धतीने चालवताय." भावाने फोन घेतल्यावर सूर बदलला, "भाऊ, प्लेट बसायला थोडं रनिंग लागतं." आम्ही चाकाच्या चरांचे फोटो पाठवले तेव्हा तिसरंच निघालं: "तुम्हाला हेलिकल बसवलाय, तो हळू काम करतो." आता हेलिकल, म्हणजे चकत्यांऐवजी तिरक्या दात्यांच्या गिअरवर चालणारा एलएसडी खरोखर असतो आणि तो प्लेटचा दाब नसल्यामुळे हवेत उचललेल्या चाकांवर बराचसा ओपन डिफसारखाच वागतो. म्हणजे तपासणीतून सुटायची वाट त्याने आधीच हेरून ठेवली होती. पण बिलावर स्वच्छ "प्लेट टाइप" लिहिलेलं होतं. बिलावर पार्टचा प्रकार लिहून घेतलेला असतो तो अशा वेळी कामाला येतो.

प्लेट टाइपची चाचणी घरच्या अंगणात होते. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड किंवा ठोकळे. पुढची दोन्ही चाकं जॅकने उचलून ॲक्सल स्टँडवर ठेवायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये. आता एक चाक दोन्ही हातांनी धरून फिरवा. ओपन डिफ असेल तर ते सहज फिरतं आणि समोरचं चाक बरोबर उलट्या दिशेने फिरतं. प्लेट टाइप एलएसडी चांगल्या स्थितीत असेल तर चाक हाताला दाद देत नाही, चकत्यांचा दाब त्याला धरून ठेवतो. आमच्या गाडीचं डावं चाक भावाने एका हाताने पुढे फिरवलं आणि उजवं निमूटपणे मागे फिरत राहिलं. मी त्याचा सलग व्हिडिओ घेतला, सुरुवात नंबर प्लेटपासून.

मग गाडी कोल्हापुरातल्या एका जुन्या, विश्वासाच्या मिस्त्रींकडे नेली. गिअरबॉक्स खाली उतरवण्याआधीच ते बोलले, "हे कधी उघडलंच न्हाई बघा." केसिंगचे दोन भाग जिथे जुळतात तिथे कंपनीतून लावलेल्या सीलंटची रेघ सलग होती. बोल्टच्या डोक्यांवर पाना बसल्याची खरचटही नव्हती. बाहेरून मात्र सगळं घासून, वर रुपेरी रंगाचा स्प्रे मारलेला, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला वाटावं की गिअरबॉक्स नुकताच भरलाय. व्हिडिओ चालू ठेवूनच तो उघडला. आत कंपनीचं साधं डिफरन्शियल, खिडकीतून दिसणारे दोन छोटे गिअर आणि पिन. एलएसडी असता तर बंद डब्यासारखा भाग दिसला असता.

रिमॅपचं वेगळं काही निघालं नाही. मिस्त्रींच्या ओळखीच्या मुलाने ईसीयूमधली फाइल वाचून त्याच पार्ट नंबरच्या मूळ फाइलशी ताडून पाहिली, जशीच्या तशी होती. आम्हाला दिलेल्या डायनोच्या, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, छापील आलेखावर ना गाडीचा नंबर ना तारीख. शिवाय टर्बो नसलेल्या 1.2 लिटर पेट्रोल इंजिनात नुसत्या रिमॅपने फार काही वाढतही नाही. टर्बोच्या गाडीत हवेचा दाब वाढवता येतो, इथे वाढवायला दाबच नसतो. छोट्या पेट्रोल हॅचबॅकला "पंधरा-वीस बीएचपी जास्त" असं कुणी सांगत असेल तर तिथेच उठावं.

पुरावे दाखवल्यावर मालकाने आवाज चढवला. "मॉडिफिकेशन बेकायदेशीर असतं, तक्रार केली तर तुमचीच गाडी आरटीओ जप्त करेल." पुष्कळ लोक याच धमकीला घाबरून गप्प बसत असणार, म्हणून स्पष्ट लिहिते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये मनाई आहे ती आरसीवरची, उत्पादकाने दिलेली माहिती बदलेल अशा फेरफारांना. डिफरन्शियलची आरसीवर नोंदच नसते. आणि आमच्या गाडीत तर काही बदललंच नव्हतं! न केलेल्या कामाचे पैसे घेणं ही सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा आहे, तिची तक्रार करायला कुणाची परवानगी लागत नाही.

आम्ही आधी लेखी नोटीस पाठवली, नंतर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. गॅरेज पुण्याजवळ असूनही ती कोल्हापुरात करता आली, कारण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची, म्हणून "पुढच्या महिन्यात करून देतो" या वायद्यांवर वर्ष घालवू नका. अर्ज ई-जागृती पोर्टलवरूनही करता येतो, आणि आधी सल्ला हवा असेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. व्हॉट्सॲपचे संवाद पुरावा म्हणून द्यायचे तर सोबत इलेक्ट्रॉनिक नोंदींचं प्रमाणपत्र जोडायला वकिलांनी सांगितलं, तेव्हा मूळ फोनमधला एकही मेसेज पुसू नका. नोटीस गेल्यावर त्याने अर्धे पैसे देऊ केले होते, अट एकच, सगळे व्हिडिओ डिलीट करायचे. आम्ही नाही म्हटलं. ते व्हिडिओ आमच्यापेक्षा पुढच्या माणसाच्या जास्त उपयोगाचे आहेत.

यापुढे आमची गाडी कुठेही कामाला जाईल तेव्हा जुना काढलेला पार्ट परत हवा, नव्या पार्टवरचा सिरीयल नंबर बिलावर हवा, आणि गिअरबॉक्स उघडताना आमच्यापैकी एक जण तिथे उभा असेल. जाणं शक्य नसेल तर एकच सलग व्हिडिओ, नंबर प्लेटपासून सुरू होऊन उघड्या केसिंगपर्यंत. याला नाही म्हणणारं गॅरेज आम्हाला नको. चांगले मिस्त्री उलट खुश होतात, आपलं काम कुणी बघतंय याचा त्यांना आनंदच असतो.

तुम्ही कुठल्याही गॅरेजमध्ये प्लेट टाइप एलएसडी बसवून घेतला असेल तर या रविवारी गाडी स्टँडवर चढवून वर लिहिलेली चाचणी करा. समोरचं चाक उलटं फिरलं तर लगेच गिअरबॉक्स उतरवायला लावू नका. आधी चाचणीचा व्हिडिओ घ्या, गॅरेजला लेखी कळवा, आणि मगच दुसऱ्या मिस्त्रीकडे, कॅमेरा चालू ठेवून, तो उघडा.