श्वापद, समया आणि हजार वर्षं: प्रकटीकरण शब्दशः वाचायचं की चिन्हं म्हणून?

लातूर असो, अंबाजोगाई असो की जालना, बायबल अभ्यासाला बसलं की तरुण मुलं हमखास एक प्रश्न काढतात. घरचे लोक जुन्या मिशनच्या चर्चला जातात. तिथं प्रकटीकरणावर, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकावर, वर्षाकाठी एखादा संदेश होतो, तोही पहिल्या तीन अध्यायांवर. मैत्रीण नव्या फेलोशिपला, म्हणजे अलीकडे निघालेल्या स्वतंत्र मंडळीला, घेऊन जाते. तिथं भिंतीवर काळाचा तक्ताच टांगलेला असतो: मंडळीचं (म्हणजे विश्वासणाऱ्यांचं) आभाळात उचललं जाणं, सात वर्षांचं महासंकट, ख्रिस्तविरोधक, हर्मगिदोनची शेवटची लढाई, मग ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य. "ताई, खरं कोणतं धरायचं?" असं ही मुलं विचारतात, आणि त्यांच्या आवाजात भीती असते. त्या भीतीसाठीच हे लिहिते आहे.

येशू परत येणार, मेलेले उठणार, न्याय होणार, हे दोन्हीकडचे लोक मानतात. "तो पुन्हा गौरवाने येणार आहे" हे निकेयाच्या मतांगीकारातलं, म्हणजे विश्वासाच्या जुन्या कबुलीतलं, वाक्य कॅथलिक म्हणतात, सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे लोक) म्हणतात, आणि फेलोशिपचा पास्टर ते पाठ म्हणत नसला तरी त्यावर जीव टाकतो. तेव्हा जुनं चर्च अविश्वासू आणि नवी फेलोशिप विश्वासू, किंवा हे शहाणे आणि ते भोळे, अशी वाटणी कुणी केली तर ऐकू नका. वाद आहे तो त्या येण्याच्या आधी आणि नंतर काय घडणार, आणि त्याविषयीची वचनं वाचायची कशी, यावर.

मला या दोन वाचनांची पहिली ओळख पुस्तकातून झाली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जन होऊन काही तासच झालेले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. मी नववीत होते. आमचं घर उभं राहिलं, पण काही मैलांवर दगडमातीच्या जाड भिंतींखाली गावंच्या गावं गेली. सुमारे दहा हजार माणसं मेली. त्याच आठवड्यात बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने मत्तय २४:७ उघडून सांगितलं, "जागोजागी भूमिकंप होतील असं लिहिलंय, ते झालं. आता थोडेच दिवस उरलेत." रविवारी आमच्या म्हाताऱ्या पाळकांनी तोच अध्याय उघडला, पण आधीचं आणि पुढचं वचन वाचलं: शेवट इतक्यात नाही, हा वेदनांचा प्रारंभ आहे. उपासना संपल्यावर ते तांदळाची पोती आणि पत्रे घेऊन औशाच्या बाजूला निघाले. दोघांच्या हातात शास्त्र एकच होतं. मी तेव्हापासून हा अध्याय एका ओळीवर थांबून वाचत नाही.

शब्दशः वाचणारे

यांचं म्हणणं आधी नीट ऐकू, कारण जुन्या चर्चमध्ये ते धड मांडलंच जात नाही. साध्या अर्थाने वाक्य लागत असेल तर दुसरा अर्थ शोधू नये, हा त्यांचा नियम. प्रकटीकरणातलं देवाविरुद्ध उठणारं श्वापद म्हणजे खरोखरचं सात डोक्यांचं जनावर, असं त्यांच्यातलंही कुणी म्हणत नाही. चिन्हामागे येणारा माणूस खरा आहे, सात वर्षं म्हणजे सात वर्षं आणि इस्राएल म्हणजे इस्राएल, एवढाच त्यांचा आग्रह. आणि त्यांचा पुरावा भक्कम आहे. मसीहा बेथलेहेमात जन्मेल असं मीखा ५:२ म्हणतं, तो बेथलेहेमातच जन्मला. राजा गाढवावर बसून येईल असं जखऱ्या ९:९ म्हणतं, तो गाढवावरच आला. पहिलं येणं इतकं अक्षरशः खरं ठरलं, तर दुसऱ्या येण्याची वचनं तेवढी रूपकं का समजायची? या प्रश्नाला झटकून टाकणारं उत्तर देऊ नये.

शिवाय ही काल-परवाची टूम नाही. पापियास, जस्टिन, आयरेनियस हे दुसऱ्या शतकातले मंडळीचे वडील पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या राज्याची वाट पाहत होते. फेलोशिपच्या भिंतीवरचा तक्ता मात्र अलीकडचा आहे. महासंकटाच्या आधी मंडळी गुपचूप उचलली जाईल, ही मांडणी जॉन नेल्सन डार्बी या ब्रिटिश प्रचारकाने १८३० च्या दशकात पसरवली. १९०९ मध्ये अमेरिकेतल्या स्कोफिल्डचं टीपांसहित बायबल निघालं आणि ती घराघरांत गेली. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र उभं राहिलं, १९६७ मध्ये सगळं यरुशलेम त्याच्या ताब्यात आलं, तेव्हा या वाचकांना भविष्य डोळ्यांदेखत उलगडतंय असं वाटलं. आज मोबाइलवर येणाऱ्या कितीतरी मराठी संदेशांमागे हाच तक्ता असतो, सांगणाऱ्याला डार्बीचं नाव माहीत नसलं तरी.

चिन्हं वाचणारे

यांचा सगळ्यात मोठा आधार खुद्द प्रकटीकरणच आहे. पहिल्याच अध्यायात हे पुस्तक लिहिणाऱ्या योहानाला सोन्याच्या सात समया दिसतात, आणि विसाव्या वचनात सांगून टाकलंय की समया म्हणजे सात मंडळ्या. सतरावा अध्याय म्हणतो, श्वापदाची सात डोकी म्हणजे सात डोंगर, त्याच्यावर बसलेली स्त्री म्हणजे मोठी नगरी. दानीएल आठमध्ये मेंढा म्हणजे मेद आणि पारसाचे राजे, बकरा म्हणजे ग्रीकांचा राजा, असं दूतच उलगडून सांगतो. किल्ली पुस्तकाच्याच कनवटीला आहे.

आणि जुने संदेष्टे याच भाषेत बोलत. यशया १३ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) पडण्याविषयी लिहिलंय की तारे प्रकाश देणार नाहीत, सूर्य उगवताच अंधारेल. इ.स.पूर्व ५३९ मध्ये बाबेल पारसिकांच्या हाती गेलं. आभाळातले तारे जागच्या जागी राहिले, तरी भविष्य खोटं ठरलं नाही. राज्य बुडालं की आभाळ कोसळलं, असं आपणही म्हणतोच.

पैठणच्या आसपासच्या माणसाला ही भाषा मी नव्याने काय शिकवणार! नाथांचं विंचवाचं भारूड ऐकताना कुणी औषधाला धावत नाही. विंचू म्हणजे काम-क्रोध हे पोरासोरांनाही ठाऊक असतं, आणि तरी तो विंचू खोटा वाटत नाही, उलट जास्तच झोंबतो. प्रकटीकरणाच्या नवव्या अध्यायात विंचवासारख्या नांग्यांची टोळधाड आहे. ती जुन्या करारातल्या योएल संदेष्ट्याच्या टोळधाडीवरून आलेली आहे. गंमत नाही, गंभीरपणे सांगते: शब्दशः वाचतो म्हणणाऱ्या काही उपदेशकांनी त्या टोळांना हेलिकॉप्टर ठरवलं आहे. म्हणजे रूपक त्यांनीही केलंच. फक्त ते आपल्या शतकातलं केलं, ज्या सात मंडळ्यांना पत्र लिहिलं त्यांच्या कानांना हेलिकॉप्टर काय कळणार होतं?

आकड्यांचंही तसंच. स्तोत्र ५० मध्ये देव म्हणतो, हजार डोंगरांवरची गुरं माझी. मग हजार एकाव्या डोंगरावरची कुणाची? उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टीन बिशपने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं की प्रकटीकरण २० मधली हजार वर्षं म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून शेवटापर्यंतचा मंडळीचा सगळा काळ. कॅथलिक, लुथरन आणि बरेचसे प्रेसबिटेरियन याच वाटेने आले. मराठी पाळक नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं तेही स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या छायेत. आपल्याकडच्या जुन्या चर्चमध्ये काळाचा तक्ता का नसतो, याचं कारण या वंशावळीत आहे. पाळकाचा विश्वास कमी आहे म्हणून तो नसतो, असं समजू नका.

मला सगळ्यात जास्त पटतं ते एकविसाव्या अध्यायातलं नगर. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही बारा हजार स्टेडिया, म्हणजे प्रत्येक बाजू सुमारे २,२०० किलोमीटर. शब्दशः घेतलं तर अंतराळात शिरणारा एक ठोकळा उरतो. पण १ राजे ६:२० उघडा. शलमोनाच्या मंदिरातलं परमपवित्रस्थान, म्हणजे सगळ्यात आतला गाभारा, वीस हात लांब, वीस रुंद, वीस उंच होतं. तिथं वर्षातून एकदा एकच माणूस जाई. आता अख्खं नगरच परमपवित्रस्थान झालंय आणि त्याच्या वेशी कधीच बंद होत नाहीत. ज्यांच्या आज्यांना एकेकाळी देवळाच्या पायरीलाही शिवू दिलं नव्हतं, त्यांच्यासमोर हे वाचून बघा.

पाणी कुठे मुरतं

उचलले जाण्याचं मुख्य वचन १ थेस्सलनीकाकर ४:१७. तिथं आपण प्रभूला "सामोरे" जाणार आहोत. त्यासाठीचा ग्रीक शब्द प्रेषितांची कृत्ये २८:१५ मध्येही आहे: रोमचे बंधू प्रेषित पौलाला सामोरे आले आणि त्याला घेऊन परत रोमलाच गेले. मत्तय २५ मधल्या दहा कुमारी वराला सामोऱ्या निघतात, तिथंही तोच शब्द. आपल्याकडे नवरदेव आला की वऱ्हाडाला वेशीवर सामोरं जातात आणि वाजतगाजत गावात आणतात. वेशीवरूनच कुणी दुसऱ्या गावाला पळून जात नाही. प्रभूला सामोरं जाऊन त्याच्यासोबत इथंच परतायचं असेल, तर सात वर्षं वर लपून राहण्याचा कप्पा या वचनात बसवणं कठीण आहे. दानीएल ९ च्या सत्तर सप्तकांतही (एक सप्तक म्हणजे सात वर्षं) तेच होतं: एकोणसत्तर सप्तकं सलग मोजायची आणि शेवटच्याआधी दोन हजार वर्षांची फट ठेवायची. शब्दशः वाचनाच्या नियमाने ती फट कुठे लिहिलेली सापडत नाही.

तारखांचा मोह हा या बाजूचा जुना रोग. अमेरिकन प्रचारक विल्यम मिलरच्या अनुयायांनी येशू येणार म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ ची रात्र जागून काढली. अमेरिकेतल्याच हॅरॉल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ ही तारीख सांगितली. मार्क १३:३२ म्हणतं, तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही. हे वचन मात्र कुणी रूपक मानत नाही आणि तरी पाळत नाही.

दुसऱ्या बाजूचा रोग हळू चढतो, म्हणून जास्त घातक. एकदा सगळं चिन्ह म्हटलं की उठणंही चिन्ह होतं, येणंही चिन्ह होतं. हुमनाय आणि फिलेत यांनी पुनरुत्थान होऊन गेलं असं सांगून कित्येकांचा विश्वास ढासळवला, असं २ तीमथ्य २ मध्ये लिहिलंय. किल्लारीच्या ढिगाऱ्यातून दोन लेकरं काढून पुरलेल्या बाईला मी ओळखते. "पुनरुत्थान म्हणजे नव्या आशेचं प्रतीक" असं तिला सांगण्याची माझी छाती नाही. तिला तीच लेकरं हवीत, आणि शास्त्र तिला तीच देऊ करतं. इथं मी पूर्णपणे शब्दशः वाचणाऱ्यांच्या बाकावर बसते.

चिन्हं वाचणाऱ्यांच्या बाजूने एक मोठी गोष्ट सांगायची राहिली. अठराव्या अध्यायात मोठी बाबेल पडते तेव्हा व्यापारी रडतात, आणि त्यांच्या मालाची यादी सोन्यापासून सुरू होऊन माणसांच्या जिवांवर संपते. बीडकडची जोडपी मुकादमाची उचल घेऊन कोयते बांधतात आणि सहा-सहा महिने कारखान्याच्या फडावर राहतात. त्यांच्यात बसून ही यादी वाचा. बाबेल म्हणजे फक्त भविष्यातलं एखादं शहर मानलं, तर हा अध्याय आजच्या सावकाराला मोकळा सोडतो.

श्वापदाची खूण

कोविडची लस आली तेव्हा माझ्या मावशीच्या मोबाइलवर एक संदेश फिरला: हीच ती प्रकटीकरण १३:१६ मधली श्वापदाची खूण. मावशीने लस घेतली नाही, काकांनाही घेऊ दिली नाही. दुसऱ्या लाटेत काका ऑक्सिजनवर होते. तो संदेश सांगणाऱ्याचा मला आजही राग आहे, कारण तो दोन्हींपैकी कोणत्याच नियमाने वाचत नव्हता. शब्दशः घ्याल तर खूण उजव्या हातावर किंवा कपाळावर हवी, आणि ती श्वापदाची उपासना करणाऱ्यांची आहे. चिन्ह म्हणून घ्याल तर जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं ६:८ आठवा, तिथं देवाच्या आज्ञा हातावर आणि डोळ्यांच्या मध्ये बांधायला सांगितल्यात. म्हणजे खूण हा प्रश्न आहे की तुमचा हात आणि डोकं कुणाच्या मालकीचं. लगेच पुढे, १४:१ मध्ये, कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, लोकांच्या कपाळावर पित्याचं नाव लिहिलेलं आहे. ते गोंदण आहे असं कुणी म्हणत नाही.

श्वापदाचा आकडा म्हणून दिलेल्या ६६६ बद्दलही थोडं. इब्री अक्षरांना आकड्यांची किंमत असते, आणि "नेरोन कैसर" (रोमचा सम्राट नीरो) असं लिहिलं की बेरीज ६६६ येते. लॅटिन वळणाने शेवटचा न गाळला तर ६१६ येते, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखर ६१६ आहे. म्हणून हा आकडा आधी त्या काळच्या छळणाऱ्या सत्तेकडे बोट दाखवतो असं मी मानते. पुढे तशीच सत्ता पुन्हा येणार नाही, असं मात्र त्यातून निघत नाही.

मग धरायचं काय? मी स्वतः येणं, उठणं आणि न्याय शब्दशः धरते, आणि प्रकटीकरणातले प्राणी, आकडे व मोजमापं चिन्हं म्हणून वाचते. हजार वर्षांवर ऑगस्टीनकडे झुकते, पण आयरेनियसच्या बाजूने बोलणाऱ्या भावाला माझ्या पंगतीतून उठवणार नाही. तुम्ही दुसरीकडे झुकलात तरी चालेल. फेलोशिपला जाणार असाल तर दोन गोष्टी पारखून घ्या: तिथं तारीख सांगतात का, आणि "दिवस थोडे उरलेत" म्हणून शेत, सोनं किंवा ठेव मोडायला लावतात का. थेस्सलनीकात प्रभूचा दिवस येऊन ठेपला अशी आवई उठली होती आणि काही जण काम सोडून बसले होते, त्यांना पौलाने सांगितलं की काम न करणाऱ्याने खाऊही नये. जुन्या चर्चमध्ये राहणार असाल तर पाळकांना सरळ विचारा, "येशू खरोखर येणार, असं तुम्ही मानता ना?" उत्तर घोटाळायला लागलं तर तिथंही जपून.

आणि विसाव्या अध्यायापासून सुरुवात करू नका. आधी दानीएल सात आणि आठ वाचा, मग मत्तय २४ पूर्ण, मग प्रकटीकरणाचा पहिला अध्याय, समया म्हणजे काय हे सांगणाऱ्या वचनासकट. घरी पंडिता रमाबाईंचं भाषांतर असेल तर तेही शेजारी ठेवा. त्यांनी ते मूळ इब्री आणि ग्रीकवरून केलं. श्रावणातल्या झडीच्या आठ-दहा संध्याकाळी त्याला पुरतात.