कॅमेऱ्याचा स्वस्त पॉवर अडॅप्टर: लेबलवर ३ अँपिअर, आत निम्मेही नाहीत

लांब मुलाखत, थेट प्रक्षेपण किंवा रात्रभराचे टाइम-लॅप्स असेल तर कॅमेऱ्याची एक बॅटरी पुरत नाही. कॅनॉनची एलपी-ई६ घ्या: ७.२ व्होल्ट, १८०० मिलीअँपिअर-तास. सलग व्हिडिओ सुरू ठेवला की ती फार वेळ साथ देत नाही. म्हणून भिंतीवरच्या प्लगमधून चालणारा संच घेतला जातो. त्यात दोन वस्तू असतात. एक अडॅप्टरचा ठोकळा आणि दुसरी बॅटरीच्याच आकाराची पण आतून पोकळ असलेली डमी बॅटरी. डमीची वायर बॅटरीच्या झाकणातल्या रबरी खाचेतून बाहेर येते. मूळ कंपनीचा संच महाग पडतो, आणि तसाच दिसणारा संच त्याच्या तुलनेत अगदी किरकोळ किमतीला मिळतो. फसवणूक होते ती इथे, आणि बहुतेक वेळा ती लेबलावरच्या एका आकड्यात असते.

लेबलावर ‘८ व्होल्ट, ३ अँपिअर’ असे छापलेले असते. ८ व्होल्ट खरे असतात, कारण ते कुणीही साध्या मीटरने तपासू शकतो. ३ अँपिअर मात्र लोड (प्रत्यक्ष करंट खेचणारी वस्तू) लावल्याशिवाय कळत नाहीत आणि घेणारा लोड लावत नाही, हे विकणाऱ्याला पक्के माहीत असते. दीड अँपिअरलाच दम तोडणाऱ्या सर्किटवर ३ अँपिअरचे लेबल लावले की माल खपतो.

कॅमेरा नुसता चालू असताना, स्क्रीनवर चित्र दिसत असताना, कमी करंट खेचतो. त्यामुळे घरी आणून पहिल्या दिवशी लावून पाहिले तर सगळे ठीक वाटते, आणि त्याच दिवशी खुशीचा अभिप्रायही लिहिला जातो. ऑटोफोकसची मोटर, शटर, सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा आणि कार्डावर लिहिणे हे सारे एकाच क्षणी आले की मागणी एकदम उसळते. अडॅप्टरचे व्होल्टेज बसते, कॅमेऱ्याला वाटते बॅटरी संपली, आणि तो बंद पडतो. रेकॉर्डिंग चालू असेल तर नुकसान मोठे होते. व्हिडिओ फाइलची अनुक्रमणिका बऱ्याच कॅमेऱ्यांत रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. ती लिहिण्याआधी वीज गेली तर कार्डावर डेटा असूनही फाइल उघडत नाही. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची लेन्स बाहेर आलेल्या अवस्थेतच अडकते. फर्मवेअर (कॅमेऱ्यातले मूळ सॉफ्टवेअर) अपडेटच्या मधोमध असे झाले तर कॅमेरा पुन्हा सुरूच न होण्याची भीती असते. सेन्सर हाताने साफ करताना आरसा वर आणि शटर उघडे असते. त्या क्षणी वीज तुटली तर शटर स्वॅबवर, म्हणजे साफ करायच्या काडीवर, आदळते. या दोन कामांना स्वस्त अडॅप्टर कधीही लावू नये. पूर्ण चार्ज केलेली मूळ बॅटरी त्याहून कितीतरी भरवशाची.

दोष प्रत्येक वेळी ठोकळ्यातच असतो असे नाही. वायर बारीक निघते, आणि ही चोरी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. दोन मीटर लांबीची २६ गेजची (गेजचा आकडा मोठा तितकी वायर बारीक) तांब्याची वायर असेल तर जाऊन-येऊन चार मीटरचा रोध साधारण ०.५४ ओहम होतो. २ अँपिअर वाहिले की १ व्होल्टहून जास्त वायरीतच संपतो. ठोकळा ८ देतो, कॅमेऱ्याला ७ च्या खाली मिळतात. तीच वायर २० गेजची असती तर नुकसान पाव व्होल्टच्या आसपास राहिले असते. आणि तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम असेल, जे स्वस्त मालात सर्रास असते, तर हिशोब आणखी बिघडतो.

यूएसबीवर चालणाऱ्या डमी बॅटरीत तर साधे गणितच जमत नाही. ५ व्होल्ट, २ अँपिअरच्या चार्जरमधून येतात १० वॉट. व्होल्टेज ५ वरून ८ वर चढवताना दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात, म्हणजे हातात उरतात जेमतेम ९ वॉट, ८ व्होल्टला १.१ अँपिअर. जाहिरातीत त्याच वस्तूवर ‘८ व्होल्ट, ३ अँपिअर’ असते, म्हणजे २४ वॉट. ते येणार कुठून? यूएसबीच हवी असेल तर टाइप-सी पॉवर डिलिव्हरीने (चार्जरकडून ५ पेक्षा जास्त व्होल्ट मागून घेण्याची पद्धत) ९ व्होल्ट मागून ते खाली उतरवणारी डमी घ्यावी, आणि चार्जरही ९ व्होल्टला किमान २ अँपिअर, शक्यतो ३, देणारा असावा.

‘सगळ्या मॉडेल्सना चालते’ असे लिहिलेले दिसले की तिथूनच परत फिरावे. निकॉनचा ईएच-५बी ९ व्होल्ट, ४.५ अँपिअरचा आहे, कॅनॉनच्या एलपी-ई६ वर्गाला ८ च्या आसपास लागतात, आणि एकाच सेलवर चालणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांची बॅटरी जेमतेम ३.६ व्होल्टची असते. ५.५ मिलिमीटरचा गोल प्लग आत २.१ चा आहे की २.५ चा, हे डोळ्यांना कळत नाही. २.५ चा प्लग २.१ च्या पिनवर सैल बसतो, हलला की ठिणगी उडते आणि कॅमेरा मध्येच झोपतो. मधली पिन धन की ऋण, हे मीटरने पाहिल्याशिवाय कॅमेऱ्याला लावू नये.

डमीतला आणखी एक प्रकार. खऱ्या बॅटरीला धन आणि ऋण यांशिवाय तापमानाचा आणि माहितीचा संपर्कबिंदू असतो. काही कॅमेरे तिथे योग्य उत्तर आले नाही तर ‘बॅटरीशी संपर्क होत नाही’ म्हणून अडून बसतात. विकणारा सांगतो की कॅमेऱ्यातच बिघाड आहे. मूळ बॅटरीवर कॅमेरा व्यवस्थित चालत असेल तर हे ऐकून घेण्याचे काही कारण नाही.

परताव्याची मुदत असतानाच लोड लावून तपासावे. ४.७ ओहमचा, २५ वॉटचा, अॅल्युमिनियमच्या कवचाचा रेझिस्टर घ्या आणि तो धातूच्या जाड पट्टीवर घट्ट बसवा. नुसता ठेवला तर तो फार तापतो. हात लावू नका. ८ व्होल्टला त्यातून १.७ अँपिअर वाहतात आणि सुमारे १३.६ वॉट उष्णता निघते. रेझिस्टरच्या वायरी डमी बॅटरीच्या धन-ऋण पट्ट्यांना जोडा आणि मीटरही तिथेच लावा. ठोकळ्याच्या प्लगपाशी मोजले तर वायरीतली घट दिसतच नाही. आधी लोडशिवाय, मग लोडसह, मग अर्ध्या तासाने, असे तीनदा वाचा. ८.० चे ७.६ झाले तर चालेल. ७.२ झाले तर परत पाठवा. आकडा आधी बरा असून नंतर घसरत गेला, किंवा ठोकळा हातात धरवेना इतका तापला, तरीही परत. ही चाचणी १.७ अँपिअरचीच आहे हे ध्यानात ठेवा. लेबलावरचे ३ सिद्ध करायला २.७ ओहमचा, ५० वॉटचा रेझिस्टर लागेल.

मीटरला न दिसणारा दोष म्हणजे रिपल. सरासरी व्होल्टेज बरोबर असते, पण त्यावर हजारो हर्ट्झची लहर स्वार झालेली असते आणि साध्या मीटरची एसी पट्टी ती नीट पकडत नाही. कॅमेराच ती दाखवतो. लेन्सचे झाकण लावून जास्त आयएसओवर एक फोटो बॅटरीवर आणि एक अडॅप्टरवर काढा. अडॅप्टरच्या फोटोत आडव्या पट्ट्या दिसल्या, किंवा बाहेरचा माइक लावल्यावर गुणगुण आली, तर आतले फिल्टर गाळून टाकलेले असण्याची दाट शक्यता आहे.

आता सगळ्यात गंभीर भाग. कॅमेरा बंद पडणे हे नुकसान झाले. इन्सुलेशन फसवे असेल तर जिवाशी गाठ आहे. अडॅप्टरमध्ये मेन्सची (भिंतीतल्या २३० व्होल्टची) बाजू आणि कॅमेऱ्याची बाजू यांच्यात सर्किट बोर्डावर काही मिलिमीटरची मोकळी जागा लागते, आणि बऱ्याच चांगल्या बोर्डांत ऑप्टोकपलरखाली (दोन्ही बाजूंत प्रकाशाने संदेश नेणारा भाग) चीरही पाडलेली असते. दोन्ही बाजूंना जोडणारा कपॅसिटर ‘वाय’ या सुरक्षा वर्गाचाच असावा लागतो. स्वस्त मालात तिथे साधा निळा सिरॅमिक कपॅसिटर बसवलेला सापडतो. तो फुटून शॉर्ट झाला की मेन्सचा दाब थेट कॅमेऱ्याच्या धातूवर, ट्रायपॉडवर आणि एचडीएमआय वायरीतून संगणकावर येतो. फ्यूजच्या जागी नुसती वायर सोल्डर केलेलीही दिसते. ठोकळा स्वतः फोडू नका. आतला मोठा कपॅसिटर २३० व्होल्टच्या मेन्सवर सुमारे ३२५ व्होल्ट धरून असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ झटका देऊ शकतो. हे पाहणे वीज-दुरुस्ती जाणणाऱ्याचे काम आहे.

दोन पिनांच्या चांगल्या अडॅप्टरवरही धातूला हात लागला की कधी किंचित झिणझिण्या येतात. २.२ नॅनोफॅरडच्या वाय कपॅसिटरमधून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला ०.१६ मिलीअँपिअर झिरपतात, ते मर्यादेत आहे. हात झटकन मागे घ्यावा लागला तर मात्र प्लग लगेच काढा आणि तो अडॅप्टर पुन्हा लावू नका. एचडीएमआयची वायर आधी जोडावी आणि अडॅप्टर नंतर लावावा. या झिरपणाऱ्या करंटने पोर्ट बिघडू शकतो.

लेबलावरच्या सीई (युरोपीय नियमांचे) चिन्हावर विसंबू नका. या प्रकारच्या वस्तूंवर ते बहुतेक वेळा उत्पादकाने स्वतःच जाहीर केलेले असते. यूएल या अमेरिकी सुरक्षा-तपासणी संस्थेच्या चिन्हासोबतचा फाइल क्रमांक मात्र यूएलच्या यादीत शोधून पाहता येतो. क्रमांक नसेल किंवा दुसऱ्याच कंपनीचा निघाला तर चिन्ह चोरलेले असण्याची शंका घ्यावी.

पैसे वाचवायचेच असतील तर डमी बॅटरी त्रयस्थ कंपनीची घ्या आणि ठोकळा नामांकित कंपनीचा, त्याच व्होल्टेजचा, स्वतंत्र घ्या. साध्या डमीत वायरी आणि फार तर एखादी छोटी चिप असते. जीव आणि कॅमेरा धोक्यात घालणारा भाग ठोकळा आहे.

वस्तू आल्यावर पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढा. लेबलाचा फोटो, वजन आणि लोडसह मीटरचा फोटो एकत्र ठेवा. ‘चालत नाही’ एवढेच लिहिले तर तक्रार फेटाळली जाते. ‘लेबलावर ३ अँपिअर, १.७ अँपिअरवर ६.८ व्होल्ट’ असे फोटोसह लिहिले तर उत्तर द्यावेच लागते. विक्रेता अर्धे पैसे परत देऊन वस्तू ठेवून घ्यायला सांगेल. ते मान्य केले की तक्रार बंद होते, म्हणून पूर्ण परतावाच मागा. पैसे परत आले आणि वस्तू तुमच्याकडेच राहिली तर प्लग काढून वायर ठोकळ्यापाशी कापा आणि मगच ई-कचऱ्यात द्या, म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या कॅमेऱ्याला लागणार नाही.