दादरला घेतलेली इंडक्शन शेगडी

दोन हजार वॅटची ही शेगडी घेतली ती शेजारच्या वहिनींच्या सांगण्यावरून. त्यांचं माहेर नेपाळमधल्या पोखराचं. २०१५ साली सीमेवर मालवाहतूक अडली, सिलिंडर मिळेनासे झाले, तेव्हा त्यांच्या आईने इंडक्शन आणली. आजही स्वयंपाक त्यावरच. नेपाळचा गॅस भारतातून जातो, वीज मात्र बहुतेक त्यांच्याच नद्यांवरची. २०३० पर्यंत २५ टक्के घरांचा मुख्य स्वयंपाक विजेवर आणायचं तिथल्या सरकारचं उद्दिष्ट आहे. मला ते फार मोलाचं वाटतं.

आता शेगडीबद्दल. वरण-भाताचा कुकर पटकन होतो, ओट्याशी घामाच्या धारा लागत नाहीत, दूध उतू गेलं तरी एका फडक्यात काच लख्ख. भाकरी मात्र जमत नाही. तव्यावर पाणी लावलेली बाजू छान सुकते, पण टम्म फुगायला आच लागतेच, म्हणून गॅस ठेवलाय. बुडाला चुंबक चिकटेल तीच भांडी चालतात. ॲल्युमिनियमची कढई बाद. दुकानदाराने हे आधीच सांगायला हवं होतं.

एक गोष्ट मनाला लागते. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ चं, तरी मुंबईच्या विजेत कोळसा अजून बराच आहे. नेपाळलाही हिवाळ्यात नद्यांचं पाणी घटलं की भारताकडून वीज घ्यावी लागते, आणि सप्टेंबर २०२४ च्या पुरात तिथल्या जलविद्युत प्रकल्पांचंच नुकसान झालं.

कुकर आणि चहासाठी जरूर घ्या. ओट्याजवळ १६ अँपिअरचा प्लग आहे का, तेवढं आधी बघा.