१२० तासांचं सर्टिफिकेट आणि लॅमिनेट केलेली पदवी

स्पोकन इंग्लिश आणि आयेल्ट्स या इंग्रजी परीक्षेच्या क्लासच्या पाट्यांचा कोल्हापुरात कधीच तोटा नव्हता. आता मोबाइलवर त्यात आणखी एका जाहिरातीची भर पडली आहे. परदेशात इंग्रजी शिकवा, अनुभव नको, १२० तासांचा ऑनलाइन टेफल (परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा) कोर्स, नोकरीची हमी, आज रात्री बारापर्यंत ८० टक्के सूट. ते बारा कधी वाजत नाहीत. महिनाभराने बघा, तीच सूट आणि तीच रात्र.

हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीचा नाही, या प्रकारच्या कोर्सचा आहे, कारण यातले बहुतेक आतून सारखेच निघतात. आमचे गुण पाचपैकी अडीच. दोन कोर्सच्या मजकुराला, अर्धा किमतीला. 'नोकरीची हमी' या शब्दांना शून्य.

१२० हा आकडा मुळात केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा. तिथे १२० तास शिक्षकांसमोर बसावं लागतं, खऱ्या विद्यार्थ्यांना सहा तास शिकवावं लागतं, ते शिकवणं कुणीतरी मागे बसून तपासतं आणि वर चार लेखी असाइनमेंट असतात. खर्च लाखाच्या वर. ऑनलाइन कोर्सने यातला फक्त आकडा उचलला. सहा तासांचं शिकवणं गायब, त्याजागी व्हिडिओ आणि चार पर्यायांतून एक निवडायची चाचणी. चुकलात तर पुन्हा द्या, पुन्हा चुकलात तर पुन्हा. मन लावून वाचलं तरी कोर्स १२० तासांच्या बराच आधी संपतो. 'ॲक्रेडिटेड' या शब्दावरही जाऊ नका. तो शिक्का देणाऱ्या संस्था बहुधा खासगी असतात.

तरी व्याकरणाचा भाग मराठी माध्यमातून आलेल्यांनी सोडू नये. आपल्याकडे इंग्रजी शिकलो ते भाषांतर करत. समोरच्या मुलाला मराठी येत नाही म्हटल्यावर हातातलं हत्यारच जातं. उदाहरण घ्या, 'ही हॅज लिव्ड इन कोल्हापूर फॉर फाइव्ह इयर्स'. फळ्यावर प्रेझेंट परफेक्टची व्याख्या लिहिली की व्हिएतनामी मुलगा ती वहीत उतरवतो आणि विसरतो. कोर्स शिकवतो ते असं. एक आडवी रेघ ओढा, डाव्या टोकाला पाच वर्षांपूर्वीची खूण, उजव्या टोकाला 'नाऊ', मधला भाग भरून टाका. मग विचारा, 'इज ही इन कोल्हापूर नाऊ?' येस. 'डिड ही कम लास्ट वीक?' नो. 'अंडरस्टँड?' हा प्रश्न मात्र विचारायचा नाही, कारण त्याचं उत्तर जगभर 'येस' हेच येतं. एवढं हातात बसलं तरी कोर्सचे पैसे वसूल. मात्र ते वाचून बसत नाही. पुतण्याला, शेजारच्या सहावीतल्या मुलीला, कुणालाही समोर बसवून पंधरा-वीस वेळा करावं लागतं. अनुभव नसलेल्याचा पहिला अनुभव तो हाच.

आता जाहिरात जे सांगत नाही ते. नोकरी सर्टिफिकेटआधी पासपोर्टवर ठरते. दक्षिण कोरियाचा ई-२ हा शिक्षकांचा व्हिसा इंग्रजी शिकवायला सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारताबरोबरच्या २०१० पासून लागू असलेल्या व्यापार करारात भारतीयांसाठी एक फट आहे, पण ती इंग्रजीच्या पात्रताधारक शिक्षकांपुरती. नुसत्या टेफलवर तिथून आत जाता येत नाही. चीनमध्ये साधारणपणे इंग्रजी मातृभाषेच्या देशाचा पासपोर्ट नाहीतर तिथली पदवी मागतात. जपानच्या इन्स्ट्रक्टर व्हिसाला इंग्रजी शिकवायचं तर इंग्रजी माध्यमातलं बारा वर्षांचं शिक्षण दाखवावं लागतं. दहावीपर्यंत मराठी शाळा आणि मग अकरावी ते बी.ए. इंग्रजीतून, अशी बेरीज पाचच भरते. आखाती देशांतल्या भारतीय शाळा भारतीय शिक्षक घेतात, पण बी.एड. बघून आणि बहुतेक वेळा अनुभव विचारून.

राहता राहिले थायलंड, व्हिएतनाम आणि कंबोडिया. थायलंडच्या शाळेत पदवी लागते, आणि मातृभाषा इंग्रजी नसेल तर टोइक या इंग्रजी परीक्षेचे ६०० गुण मागतात. ते जड नाहीत. व्हिएतनामच्या वर्क परमिटला पदवी, शिकवण्याचं सर्टिफिकेट, पोलिस क्लिअरन्स आणि वैद्यकीय तपासणी लागते. भाषा केंद्रात आपल्यासारख्यांकडून इंग्रजीचा सी-१ (प्रगत) पातळीचा पुरावाही मागतात, म्हणजे आयेल्ट्सला ७ किंवा वर. टेफल सर्टिफिकेटचा खरा उपयोग इथे आहे, यादीतला एक कागद म्हणून. आणि हेही ऐकून ठेवा, एकाच स्टाफरूममध्ये 'नेटिव्ह' आणि 'नॉन-नेटिव्ह' असे दोन पगार असतात. जाहिरातीत दिसतो तो पहिला.

सगळ्यात जास्त गाडी अडते ती पदवीच्या कागदावर. शिवाजी विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र हौसेने लॅमिनेट करून, फ्रेम करून भिंतीवर लावलेलं असतं. साक्षांकनाचा शिक्का आणि अपोस्टिलचं (कागद परदेशात मानला जावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय लावतं ते) स्टिकर प्लास्टिकवर बसत नाही, त्यामुळे असा कागद परत येतो आणि विद्यापीठातून दुसरी प्रत काढावी लागते. प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरत्या प्रमाणपत्रावर भागत नाही. दुसरं म्हणजे नाव. मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी आहे, कधी नाही. मुलीचं लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर आणखी गुंता. परदेशातल्या कारकुनाला ही दोन माणसं वाटतात. दोन्ही नावं एकाच माणसाची हे दाखवायला राजपत्र नाहीतर प्रतिज्ञापत्र, त्या देशाचा दूतावास काय मानतो ते आधी विचारून घ्या, नंतर नोटरीकडे जा.

पदवीवर आधी राज्य सरकारचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा क्रम. राज्याचं काम मुंबईत, म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेसची एक रात्र नाहीतर एजंट. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये आहे. एजंट हजारांत घेतो ते धावपळीचे. घ्यावेत, पण किती आणि कशाचे ते पावतीवर लिहून मागा. काही देशांना अपोस्टिल चालतं, काहींना त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो. हे आधी न विचारता 'अपोस्टिल करून टाकू' म्हणणारा एजंट दुसऱ्यांदा पैसे घेणार.

पोलिस क्लिअरन्स शेवटी काढा. पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज, फी ५०० रुपये. सोपं म्हणून लोक तेच पहिलं करतात, मग पदवी मुंबईत अडकते आणि इकडे क्लिअरन्स सहा महिन्यांपेक्षा जुना होतो. व्हिएतनामला तो चालत नाही.

प्लेसमेंटच्या पॅकेजबद्दल थोडक्यात. परदेशी नोकरीला माणसं पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला असावा लागतो. त्याने घ्यायच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००. दीड लाख मागणाऱ्याला पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक विचारा, चेहऱ्यावरून कळतं. 'आधी टुरिस्टवर जा, तिथे गेल्यावर बदलून घेऊ' हे वाक्य आलं की उठा. टुरिस्ट म्हणून जाऊन वर्गात उभं राहणं बेकायदा आहे, आणि पकडलं तर दंड शिक्षक भरतो, एजंट नाही. थायलंडच्या नोकरीच्या नावाखाली म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेलेल्या भारतीयांबद्दल मंत्रालयाने २०२२ मध्ये जाहीर इशारा दिला होता. शाळेचं नाव, पत्ता आणि शिकवायचा वर्ग न लिहिलेलं ऑफर लेटर कचऱ्यात टाका.

वेळ कधीची धरायची? थायलंडच्या शाळा मेच्या मध्याला सुरू होतात आणि दुसरं सत्र नोव्हेंबरला, म्हणून अर्ज फेब्रुवारी-मार्च नाहीतर सप्टेंबरला. व्हिएतनामची शाळा सप्टेंबरला उघडते, भाषा केंद्रं वर्षभर माणसं घेतात, पण तेतच्या, म्हणजे तिथल्या नववर्षाच्या, सुट्टीत मेलला उत्तर येत नाही.

मुलाखत व्हिडिओवर होते. हनोईचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास, म्हणजे तिथले नऊ म्हणजे इथले साडेसात. खिडकी पाठीमागे नको, तोंडासमोर हवी, नाहीतर त्यांना नुसती सावली दिसते. दहा मिनिटांचा डेमो मागतात आणि त्यात तुम्ही किती बोलता यापेक्षा मुलं किती बोलतील हे बघतात. उच्चाराला मराठी माणसाचे दोन हमखास दोष: 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' एकच होणं, आणि शब्दावरचा जोर सगळीकडे सारखा पडणं. आठवडाभर मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. एक प्रश्न नेहमीचा असतो, वर्गातला मुलगा 'राइस', 'राइट' आणि 'राइड' तिन्हींना 'राय' म्हणतो, काय कराल? 'पुन्हा म्हणायला लावेन' हे उत्तर कमी पडतं. तीन चित्रं फळ्यावर लावा, तुम्ही शब्द म्हणा, त्याने नुसतं बोट दाखवायचं. कान तयार झाला की मग तो म्हणेल आणि तुम्ही बोट दाखवाल. तुमचं बोट चुकीच्या चित्रावर गेलं की शेवटचं व्यंजन तो स्वतःच शोधायला लागतो.