टी-शर्ट टिकला, चूकही टिकली

परवा कपाट आवरताना आईने तो बाटली-हिरवा टी-शर्ट बाजूला काढला. "गळा लोंबलाय याचा, फरशी पुसायला घेते." मी हातातून ओढून घेतला. प्रेमाने वगैरे नाही. ३८९ रुपये मोजलेत, आणि हे लिहून होईपर्यंत तो फरशीवर जाणार नाही.

डिसेंबरात आम्ही १४ जण हरिश्चंद्रगडला निघालो होतो. हिशेब माझ्याकडे, म्हणून टी-शर्टही माझ्याच गळ्यात पडले. ऑनलाइन डिझाइन करून छापून देणाऱ्या एका साइटवर ऑर्डर टाकली (नाव लिहीत नाही, त्यांच्याकडे माझं एक कूपन अजून पडून आहे). १८० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचं), बायोवॉश (धुऊन मऊ केलेलं) कापड, डीटीएफ छपाई (आधी फिल्मवर, मग कापडावर), एकूण ५,४४६ रुपये. पुढे छोटा डोंगर, पाठीवर गडावरच्या कोकणकड्याची रेघ आणि खाली ठसठशीत ‘हरिश्चंद्रगड’.

त्यांच्याच टूलमध्ये टाइप केलं. पडद्यावर अक्षर इतकं देखणं दिसत होतं की मी स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला. त्या स्क्रीनशॉटने पुढे मला वाचवलं, म्हणजे वाचवायला हवं होतं.

पार्सल गुरुवारी रात्री आलं, शनिवारी निघायचं होतं. आईने पहिला टी-शर्ट उलगडला आणि म्हणाली, "अरे, श चा पाय मोडलाय." नुसता श चा नाही, द चाही. र बिचारा बाजूला एकटा उभा, आणि रि ची पहिली वेलांटी र ला सोडून श च्या डोक्यावर जाऊन बसलेली. वाचायचं झालं तर ‘हरशिचंदरगड’. १४ पाठींवर, पांढऱ्याशुभ्र शाईत.

दुसरे आणायला वेळ नव्हता, तेच घातले. कोकणकड्यावर सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे पाठ करून फोटो काढायचा बेत आधीच ठरलेला होता, तोही काढला. फोटो सुंदर आलाय. मी तो कुणाला दाखवत नाही.

मग कस्टमर केअर. मी स्क्रीनशॉट आणि टी-शर्टचा फोटो शेजारी-शेजारी ठेवून, लाल गोल करून पाठवला. उत्तर आलं: "सर, दोनों सेम है." परत गोल केले, बाण काढले. "सर, सब अक्षर तो हैं." आता यावर काय बोलणार? अक्षरं सगळी होती हे खरंच होतं! वरून, प्रिव्ह्यू तुम्हीच मंजूर केला होता, कस्टम माल परत घेत नाही. अहो, मी जे मंजूर केलं ते तुम्ही छापलंच नाही, हेच तर सांगतोय. ११ दिवसांनी वरच्या साहेबांचा मेल आला: निम्म्या दरात पुन्हा छापून देऊ. म्हणजे चुकीच्या शब्दाला ५,४४६ आणि बरोबर शब्दाला आणखी २,७२३. नको म्हटलं. त्यावर ते कूपन मिळालं, किमान ९९९ रुपयांच्या खरेदीवर चालणारं.

असं का झालं ते नंतर कळलं. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर ज्या पद्धतीने अक्षरं साठवतो तीत, श्च म्हणजे श, हलन्त, च असे तीन सुटे तुकडे साठवलेले असतात. पहिली वेलांटीसुद्धा अक्षराच्या नंतर साठवतात, आधी दाखवायचं काम सॉफ्टवेअरचं. ब्राउझर ही जुळणी बिनबोभाट करतो, म्हणून प्रिव्ह्यू गोड दिसतो. छपाईची फाइल मात्र त्यांच्याकडे दुसरीकडेच तयार होत असणार, आणि तिथे तुकडे आले तसे ओळीने मांडले जात असणार. इंग्रजी नावांना काही होत नाही, त्यामुळे कुणाची तक्रारही नसेल.

इथपर्यंतचं मी जानेवारीतच लिहून ठेवलं होतं आणि एक तारा देऊन मोकळा होणार होतो. आता आठ महिन्यांनी थोडं बदलावं लागतंय.

मला वाटलं होतं, डीटीएफ म्हणजे फिल्मवर छापून, गोंदाची पूड लावून हीट प्रेसने चिकटवलेलं प्रकरण, दहा धुण्यांत पापुद्रे निघतील. खरं सांगायचं तर मी वाटच बघत होतो. मशीनमध्ये टाकला, ब्रशने घासला, उन्हात वाळवला. गळा लोंबला, एका बाजूची शिवण उसवली, रंग उतरला, पण हलन्त जागचा हलला नाही. भेग नाही की टवका नाही. एका मित्राने छपाईवरच गरम इस्त्री फिरवली आणि त्याचा डोंगर इस्त्रीला चिकटून आला, त्यात कंपनीचा दोष नाही. उलटा करून इस्त्री करायची असते.

पाठीवर एवढी मोठी छपाई म्हणजे प्लास्टिकचा कागद बांधल्यासारखं होतं. टोलार खिंडीच्या चढावर सॅकखाली पाठ नुसती चिंब. ट्रेकसाठी हा खरं तर मोठा दोष आहे, पण तो मी माफ केलाय.

एप्रिलमध्ये खुमखुमी म्हणून एकच टी-शर्ट पुन्हा मागवला, ५४९ रुपयांना (कूपन अर्थातच चाललं नाही). या वेळी शब्द इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिला, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून अक्षरांचं चित्र बनवलं, मागची बाजू पारदर्शक ठेवून ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) पीएनजी, म्हणजे चित्राची फाइल, चढवली. १२ इंच रुंदीला ३,६०० पिक्सेल लागतात, मोबाइलवरचा स्क्रीनशॉट देऊ नका, फिसकटेल. आला तो अगदी बरोबर. वेलांटीसकट. दहा मिनिटं नुसता बघत बसलो.

मधल्या काळात लग्नपत्रिका छापणाऱ्या आमच्या गल्लीतल्या काकांकडेही चौकशी केली. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन (जाळीची चौकट), त्यामुळे १४ नगांना परवडत नाही, पन्नास असतील तर या म्हणाले. पण कागदावर शब्द लिहून दाखवला तर पेन घेऊन त्यांनी आधी माझाच अनुस्वार नीट केला. पन्नास माणसं जमली तर तिकडेच जाणार.

तूर्तास तीन तारे. कापडाचा एक, छपाईचे दोन. नोव्हेंबरातल्या ट्रेकचे टी-शर्ट पुन्हा माझ्याकडेच आलेत. मी रतनगड सुचवलाय. ग्रुपला वाटतंय, मला तिथलं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, बघायचंय. त्या नावात ना काना, ना मात्रा, ना वेलांटी, ना जोडाक्षर, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.