निंबोळी अर्क १५०० पीपीएम: अळ्या मेल्या नाहीत म्हणून १ स्टार देऊ नका

५ पैकी ४ स्टार, आणि कापलेला एक स्टार बाटलीचा, औषधाचा नाही.

पहिल्यांदा आणलं तेव्हा मीपण वैतागलो होतो, टोमॅटोवर बोटाएवढ्या अळ्या दिसल्यावर फवारलं आणि तीन दिवसांनी बघतो तर त्या आरामात फळात डोकं खुपसून बसलेल्या. चूक माझीच. हे झटक्यात मारणारं औषध नाहीच ओ, याचं खरं काम अळीच्या आईला हाकलणं. मादी पतंग पानावर उतरते, वास आणि चव बघते, जागा पसंत नाही पडली की अंडी न घालताच उडते. तरी एखादी बारीक अळी निघालीच आणि तिने ते पान खाल्लं तर निंबोळीतल्या ॲझाडिरेक्टिन या घटकामुळे (१५०० पीपीएम म्हणजे त्याचंच प्रमाण) तिला नीट कात टाकता येत नाही. मोठी अळी मात्र कुणाचं ऐकत नाही.

या वेळी कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणारा सापळा) पतंग पडायला लागले तसं लगेच सुरू केलं, लिटरला ५ मिली, ऊन उतरल्यावर, दर ७-८ दिवसांनी, आणि दोन ओळी मुद्दाम कोऱ्या ठेवल्या. मग भिंग घेऊन बसलो. कोऱ्या ओळीत फुलांजवळच्या कोवळ्या पानांवर खसखशीएवढी पिवळट पांढरी अंडी, एकेक सुटी, जवळपास प्रत्येक झाडावर. फवारलेल्यात शोधावी लागली, आणि सापडली कुठे, तर फवारणीनंतर फुटलेल्या नव्या शेंड्यावर, जिथे औषध लागलंच नव्हतं! बरोब्बर तेवढीच जागा हेरली बाईंनी. त्यामुळे पुढची फवारणी लांबवू नका, तसंही उन्हात याचा जोर लवकर उतरतो आणि पाऊस पडला की पुन्हा पहिल्यापासून.

पांढऱ्या माशीलापण फरक पडतो पण तिची अंडी पानाखाली असतात, नोझल खालून वर धरा नाहीतर काही उपयोग नाही.

आता बाटली. तेल तळाशी बसतं, हलवून घ्या असं कुठेही ठळक लिहिलेलं नाही, मी सरळ पंपात ओतलं तर वर तवंग आणि नोझल चोकअप, अर्धा तास त्यातच गेला. आधी मगभर पाण्यात ढवळा, दुधासारखं झालं की मग पंपात. झाकण गळकं, हाताला वास दोन दिवस.

घरी ५ टक्के अर्क करता येतोच, ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवायची, गाळून १०० लिटर करायचं, थोडा साबण टाकायचा. चालतो चांगला, पण फडकं पिळून पिळून हात भरून येतात आणि निंबोळी बुरशी लागलेली असेल तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून मी परत बाटलीच आणली, फक्त या वेळी बाटलीमागे छापलेली तारीख बघून घेतली कारण जुन्या मालात दम राहत नाही.